उडत्या ड्रोनचा जीपीएस अचानक गेला तर: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

पडद्यावर जीपीएस गेल्याचा संदेश आला की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर परतीचं बटण दाबतात, नाहीतर घाबरून दोन्ही स्टिक सोडून देतात. नेहमीच्या उड्डाणात हे दोन्ही चालतं, आणि म्हणूनच ही सवय लागलेली असते. पण परतीसाठी ड्रोनला आपली जागा माहीत लागते आणि ती माहिती जीपीएसकडूनच येते. स्टिक सोडल्यावर त्याला एका जागी धरून ठेवतो तोही जीपीएसच. तो गेला म्हणून ड्रोन खाली पडत नाही, उंचीही सोडत नाही. फक्त त्याचा ब्रेक जातो. तो ब्रेक पुढची काही मिनिटं तुम्हाला अंगठ्याने लावायचा असतो.

खानापूरच्या जंगलपट्टीत, निपाणी-चिकोडीच्या उसात आणि बेळगावच्या गल्लीतल्या वरातीत जीपीएस जाण्याची कारणं वेगळी असतात, धोकेही वेगळे असतात. हाताने करायच्या पायऱ्यांचा क्रम मात्र सगळीकडे जवळपास एकच आहे.

## काय जातं आणि काय शिल्लक राहतं

आपण सगळ्यालाच जीपीएस म्हणतो, पण आजचे ड्रोन ग्लोनास, गॅलिलिओ, बैदू यांचेही उपग्रह वापरतात. हे सगळे साधारण २०,००० किलोमीटर किंवा त्याहून उंचावरून अतिशय क्षीण सिग्नल पाठवतात. डोंगराची आड, दाट झाडी किंवा जवळचं एखादं गोंगाट करणारं यंत्र एवढंही तो बुडवायला पुरतं.

सिग्नल बुडाला तरी ड्रोनकडे जायरो आणि ॲक्सिलरोमीटर राहतात, त्यामुळे तो सरळ राहतो. हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर राहतो, त्यामुळे उंची धरून ठेवतो. कंपास राहतो, त्यामुळे तोंड कुठे आहे ते कळतं. पोटाखाली कॅमेऱ्याचे सेन्सर असतील तर जमिनीच्या जवळ तो त्यांच्या आधाराने एका जागी थांबू शकतो. ही मर्यादा ड्रोनप्रमाणे दहा मीटरपासून तीस मीटरपर्यंत बदलते आणि त्यासाठी पुरेसा उजेड लागतो, जमिनीवर ओळखू येतील अशा खुणाही लागतात. पाणी, एकसारखी हिरवी गादी, अंधार, वाऱ्यावर हलणारी पानं यांच्यावर हे सेन्सर फसतात.

या अवस्थेला ॲटी मोड म्हणतात. आरडुपायलट या ड्रोन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवरच्या ड्रोनमध्ये त्याच्या जवळचा मोड म्हणजे अल्ट होल्ड, म्हणजे फक्त उंची धरून ठेवणारा. यात ड्रोन वाऱ्याबरोबर जवळपास वाऱ्याच्याच वेगाने वाहत जातो. वारा सेकंदाला ५ मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर असेल, तर दहा सेकंद नुसतं बघत राहिल्यावर ड्रोन ५० मीटर दूर गेलेला असतो. हा हिशेब डोक्यात पक्का असला की पहिल्या काही सेकंदांना एवढं महत्त्व का, ते वेगळं सांगावं लागत नाही.

## टप्पा १: घरी बसून करायची तयारी

१. आपल्या ड्रोनचं पुस्तक उघडा आणि तीन प्रश्नांची उत्तरं शोधा. जीपीएस गेल्यावर तो कोणत्या मोडमध्ये जातो? जीपीएस नसताना रिमोटचा संपर्कही तुटला तर तो काय करतो: जागच्या जागी उतरतो की वाहत राहतो? हाताने ॲटी किंवा अल्ट होल्डमध्ये जाण्याची सोय आहे का? फँटम ४ प्रोसारख्या जुन्या ड्रोनच्या रिमोटवर त्यासाठी ए असं वेगळं स्थान असतं. आजच्या बहुतेक छोट्या घरगुती ड्रोनवर असा स्विच नसतो. त्यांचा ॲटी मोड आपोआपच लागतो, मागून मिळत नाही.

२. आरडुपायलटवाल्यांनी मोडच्या स्विचवर एक स्थान अल्ट होल्डसाठी राखून ठेवावं. स्टॅबिलाइझ चालतो, पण त्यात उंचीही तुम्हालाच सांभाळावी लागते. लॉयटर (एका जागी थांबणं), ऑटो (ठरलेल्या वाटेने जाणं) आणि आरटीएल (आपोआप परतणं) हे तिन्ही जागेच्या माहितीवर चालतात, म्हणून त्या क्षणी त्यांचा उपयोग नाही. जागेचा अंदाज बिघडल्यावर काय करायचं ते ठरवणारा एफएस_ईकेएफ_ॲक्शन हा पॅरामीटर बघा. १ म्हणजे लँड (उतरणं), २ म्हणजे अल्ट होल्ड. मूळ सेटिंग १ असतं, म्हणजे जागेचा अंदाज बिघडला की ड्रोन असेल तिथे उतरायला लागतो. रिकाम्या माळावर ते ठीक. उभ्या उसावर, तळ्यावर किंवा वस्तीवर काम असेल आणि चालवणाऱ्याचा हात बसलेला असेल, तर २ बरा. हात बसलेला नसेल तर १ बदलू नका. लँड मोडमध्ये जीपीएस नसला तरी पिच-रोलची (पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे नेणारी) स्टिक चालते, तेव्हा उतरता उतरताही त्याला बाजूला घेता येतं.

३. सराव. या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे, आणि टाळलं जातं तेही हेच. ज्यांच्याकडे ए स्विच किंवा अल्ट होल्ड आहे त्यांनी मोकळ्या माळावर, वारा कमी असताना, पाच ते आठ मीटर उंचीवर सुरुवात करावी. आधी ड्रोनची शेपटी आपल्याकडे ठेवून तो दोन मीटरच्या घेरात एक मिनिट धरून ठेवायचा. मग पुढे नेऊन उलट्या स्टिकने थांबवायचा. मग दहा मीटर बाजूचा चौकोन. शेवटी तोंड आपल्याकडे करून हेच सगळं, कारण तेव्हा डावं-उजवं उलटं होतं आणि खऱ्या प्रसंगात गोंधळ तिथेच होतो. स्विच नसलेल्यांनी जीपीएस नसलेला छोटा स्वस्त ड्रोन घ्यावा, नाहीतर सिम्युलेटरवर हात बसवावा. अंगठ्याला हे दोन्हीकडे सारखंच शिकायला मिळतं.

इशारा: जीपीएसवर ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळून सराव करू नका. सिग्नल अर्धवट झिरपतो, मध्येच लॉक लागतो (उपग्रह पकडले जाऊन जागा मिळते) आणि ड्रोन अचानक ब्रेक मारतो किंवा चुकीच्या जागेकडे ओढ घेतो.

## टप्पा २: जागा आणि वेळ बघणं

उड्डाणाआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलचा नकाशा बघणं आहेच. सांबऱ्याचा विमानतळ, तिथलाच हवाई दलाचा तळ आणि शहराच्या मध्यावरचा लष्करी कॅम्प यांमुळे बेळगाव परिसराचा बराच भाग तांबड्या (बंदीच्या) किंवा पिवळ्या (परवानगी लागणाऱ्या) पट्ट्यात येतो. जीपीएस गेल्यावर ड्रोन वाऱ्याच्या दिशेला जातो, म्हणून नकाशा बघताना आपण उभे आहोत तेवढीच जागा बघून भागत नाही. वारा ड्रोनला कुणाच्या हद्दीत नेईल तेही बघा. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असतो. शहराच्या पश्चिमेला उभं राहून ड्रोन उडवत असाल तर वाहत गेलेला ड्रोन शहरावरच येणार.

उतरण्याच्या दोन जागा आधी ठरवा. एक जिथून उडवला ती, दुसरी वाऱ्याच्या खालच्या अंगाला शंभर-दीडशे मीटरवर. ही दुसरी जागा फार कमी जण बघून ठेवतात. वाऱ्याविरुद्ध परत आणता आलं नाही, तर त्या वेळी जागा शोधत बसायला सवड नसते. शेतातला मोकळा बांध, कापणी झालेलं भाताचं खाचर, रिकामं खळं, काहीही चालेल. माणसं, तारा आणि पाणी नको.

आपल्या भागातली अडचणीची ठिकाणं अशी:

घाट आणि दरी. कणकुंबी, जांबोटी, चोर्ल्याच्या बाजूला एका अंगाला डोंगर उभा असतो. तिथे आभाळाचा निम्मा भागच उघडा राहतो आणि उपग्रहांची संख्या वीसवरून आठवर यायला वेळ लागत नाही. गोकाकच्या धबधब्याची घळही तशीच. अभयारण्याच्या हद्दीत वन खात्याच्या परवानगीशिवाय उडवायचं नाही, हे वेगळं.

मोठ्या एलईडी भिंती, जनरेटर आणि व्हिडिओ ट्रान्समीटरची गर्दी. शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक किंवा मोठं लग्न म्हटलं की हे सगळं एकाच जागी येतं. मोठ्या नेत्यांच्या दौऱ्यात जॅमरही असू शकतो. अशा गर्दीच्या डोक्यावर ड्रोन नेऊच नका. बाजूच्या मोकळ्या जागेवरून तिरपा कोन घ्या.

सूर्यास्तानंतरची वेळ. ही गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही, पण दक्षिण भारताला ती लागू आहे. भूचुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. त्यामुळे आपल्या आकाशात सूर्यास्तानंतर ते मध्यरात्रीपर्यंत आयनांबरात (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात) विरळ वायूचे बुडबुडे तयार होतात आणि उपग्रहाचा सिग्नल थरथरतो. फेब्रुवारी ते एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या महिन्यांत, सूर्यावरचे डाग जास्त असलेल्या वर्षांत, याचा त्रास वाढतो. बरेच जण मोबाइलवर केपी आकडा बघून निर्धास्त होतात. केपी जगभरच्या चुंबकीय वादळाचा आकडा आहे. हे संध्याकाळचे बुडबुडे शांत दिवशीही तयार होतात, म्हणून कमी केपी ही वरातीच्या वेळेची हमी नव्हे. शिवाय त्याच वेळी अंधारामुळे पोटाखालचे कॅमेरे निकामी झालेले असतात. दोन्ही आधार एकदम जाण्याची शक्यता रात्रीच सगळ्यात जास्त.

## टप्पा ३: उडवण्याआधीची दहा मिनिटं

१. ड्रोन मोकळ्या जागी, सपाट जमिनीवर ठेवा. गाडीच्या बॉनेटवर, पत्र्यावर किंवा सळ्यांच्या स्लॅबवर नको, तिथे कंपास फसतो.

२. चालू करून थांबा. बऱ्याच दिवसांनी किंवा दूरच्या गावी येऊन चालू केला असेल तर दोन-तीन मिनिटं द्या. प्रत्येक जीपीएस उपग्रह आपल्या कक्षेची माहिती अर्ध्या मिनिटात एकदा पाठवतो. मध्ये एखादा तुकडा हुकला की पुढच्या फेरीची वाट बघावी लागते.

३. जागा काढायला गणिताने ४ उपग्रह पुरतात, पण त्यावर उडवायचं नसतं. १२ किंवा त्याहून जास्त दिसेपर्यंत थांबा. एचडीओपी (जागेचा अंदाज किती ढिला आहे त्याचा आकडा, कमी तेवढा चांगला) दिसत असेल तर तो १.४ च्या खाली हवा.

४. होम पॉइंट (ड्रोनने परत यायची जागा) नोंदल्याची सूचना ऐका आणि नकाशावर तो खरोखर तुमच्या पायाशी आहे का ते बघा. त्याच नकाशावर ड्रोनचा बाण खऱ्या दिशेला आहे का तेही बघा. पुढचं निम्मं संकट इथेच पकडता येतं.

५. परतीची उंची जवळच्या सर्वांत उंच अडथळ्यापेक्षा किमान १५ मीटर जास्त ठेवा.

६. उडवल्यावर तीन मीटरवर अर्धा मिनिट थांबवा. स्टिक सोडून ड्रोन अर्ध्या मीटरच्या आत राहतो का ते बघा. गोल फिरायला लागला तर खाली घ्या.

तपासा: वारा कोणत्या दिशेने आहे ते सोबतच्या माणसाला मोठ्याने सांगा आणि त्याच्याकडून परत वदवून घ्या. संकटात ‘वारा कुठून होता?’ हा प्रश्न पडता कामा नये.

## टप्पा ४: नेमकं काय बिघडलंय ते ओळखणं

चार वेगळे बिघाड आहेत आणि चौघांवरचा उपाय वेगळा आहे.

जीपीएस गेला: उपग्रहांचा आकडा झपाट्याने घसरतो, मोडचं नाव बदलतं, वेग आणि अंतर पडद्यावरून नाहीसं होतं किंवा गोठतं. ड्रोन एकाच दिशेला, वाऱ्याबरोबर, संथ वाहतो.

कंपास बिघडला: उपग्रह भरपूर दिसतात, पण ड्रोन गोल गोल, दर फेरीला मोठा घेर घेत फिरतो. तो आपली चूक सुधारायला जातो आणि दिशाच चुकीची असल्याने चूक वाढवत नेतो. इथे जीपीएसचा मोड सोडून अल्ट होल्ड किंवा ॲटीमध्ये गेलात की सुधारतं. स्विच नसेल तर लगेच उंची कमी करून उतरवा.

जागा खोटी आली: उपग्रहांचा आकडा चांगला, पण नकाशावरचा बाण एकदम दुसरीकडे उडी मारतो आणि ड्रोन एका बाजूला धावत सुटतो. हीच सगळ्यात फसवी अवस्था, कारण पडदा ‘सगळं ठीक’ म्हणत असतो. इथेही पहिलं काम मोड बदलण्याचं.

रिमोटचा संपर्क गेला: चित्र गोठतं, स्टिकला प्रतिसाद नसतो. जीपीएस शाबूत असेल तर ड्रोन ठरल्याप्रमाणे परत येतो. अँटेना त्याच्याकडे करा आणि वाट बघा.

फवारणीच्या ड्रोनवर आरटीके (जीपीएसची जागा सेंटिमीटरपर्यंत नेमकी करणारी जोडणी) असेल तर आणखी एक फरक लक्षात ठेवा. ‘फिक्स’चं ‘फ्लोट’ झालं म्हणजे जीपीएस गेला असं नाही. नेमकेपणा काही सेंटिमीटरवरून काही डेसिमीटरवर आला आहे. ‘सिंगल’ झालं तर चूक एक-दोन मीटरवर जाते. फवारणी थांबवा, पट्ट्या एकमेकांवर चढतील किंवा मध्ये सुटतील. पण ड्रोन अजून जागा धरून आहे, तेव्हा घाई करू नका.

## टप्पा ५: पहिले दहा सेकंद

१. थ्रॉटल (वर-खाली नेणारी स्टिक) मध्यभागी. उंची ड्रोन सांभाळतोय, त्यात हात घालू नका.

२. नजर पडद्यावरून उचला आणि ड्रोनवर ठेवा. सोबतच्या माणसाला मोठ्याने सांगा: ‘जीपीएस गेला.’ त्याने माणसं बाजूला करायची, बॅटरीची टक्केवारी वाचून दाखवायची, बाकी काही बोलायचं नाही.

३. वाहत असेल त्याच्या उलट स्टिक द्या, थोडी आणि सलग. मध्यम वाऱ्यात बहुतेक ड्रोनना पूर्ण स्टिकच्या पावभर सुरुवातीला पुरते. थांबला की तेवढीच धरून ठेवा. स्टिक मध्यावर सोडली की तो पुन्हा वाहणार, कारण आता मध्य म्हणजे ‘थांब’ नसून ‘सरळ राहा’ एवढंच आहे.

४. शेपटी आपल्याकडे करा. एकदा थांबला की हळूच यॉ देऊन (जागच्या जागी फिरवून) तोंड आपल्यापासून दूर वळवा. मग डावं ते डावं आणि उजवं ते उजवं राहतं. यॉने वाहणं थांबत नाही, म्हणून आधी थांबवणं, मग वळवणं.

तोंड कुठे आहे ते दिसत नसेल तर पडद्यावरच्या दिशेच्या वर्तुळात बघा. कंपास जिवंत आहे. तेही नसेल तर पिच किंचित पुढे देऊन ड्रोन कोणत्या बाजूला सरकतो ते बघा. दीडशे-दोनशे मीटरपलीकडे लहान ड्रोनचं तोंड डोळ्यांना कळत नाही, म्हणून जीपीएसचा भरवसा नसलेल्या ठिकाणी त्याला त्याहून दूर नेऊ नका.

इशारा: या दहा सेकंदांत तीन गोष्टी करू नका. परतीचं बटण दाबू नका. स्पोर्ट मोड लावू नका, त्यात तिरपा कोन वाढतो आणि थांबायला जास्त अंतर लागतं. मोटारी बंद करण्याचा स्टिकचा जोड तर अजिबात नको.

## टप्पा ६: वर जायचं की खाली

याचं एकच उत्तर नाही आणि पाठ केलेलं उत्तर धोक्याचं ठरतं. आधी अडथळा बघा. ड्रोन झाडांच्या, तारांच्या किंवा इमारतींच्या पातळीवर असेल तर सरळ वर घ्या, सर्वांत उंच गोष्टीच्या दहा मीटर वर. वाहत जाऊन धडकण्यापेक्षा उंचीवर वाहणं परवडतं.

घळीत किंवा डोंगराच्या आडोशाला असाल तर वर जाण्याने आभाळ उघडतं आणि लॉक परत येण्याची शक्यता वाढते. पण कडा ओलांडली की वाऱ्याचा जोर एकदम वाढतो, त्याची तयारी ठेवा. ड्रोन मोकळ्या जमिनीवर, उजेडात असेल तर उलट करा: सावकाश दहा मीटरच्या खाली आणा. पोटाखालचे कॅमेरे जमीन पकडतात आणि ड्रोन पुन्हा जागा धरतो.

एखाद्या विशिष्ट दिशेला गेल्यावरच सिग्नल बुडाला असेल तर ज्या वाटेने गेलात त्याच वाटेने मागे या. पुढे रेटून ‘येईल पुन्हा’ म्हणू नका.

जीपीएस परत आला तर: लगेच परतीचं बटण दाबू नका. लॉक लागताना ड्रोन झटक्याने ब्रेक मारतो, तेव्हा स्टिक हलक्या हाताने मध्यावर आणा. वीस-तीस सेकंद थांबून आकडा स्थिर आहे का, नकाशावरचा बाण खऱ्या जागेवर आहे का आणि होम पॉइंट हललेला नाही ना, ते बघा. सगळं ठीक दिसलं तरी उरलेलं काम पुढे न नेता उतरवा. एकदा गेलेला सिग्नल त्याच जागी दुसऱ्यांदा जातो.

## टप्पा ७: परत आणणं

पंधरा सेकंदांत लॉक आला नाही तर वाट बघणं सोडा आणि हाताने परत आणा. बॅटरीचा विचार आत्ताच करा. ड्रोन वाऱ्याच्या खालच्या अंगाला असेल तर परतीचा वेग म्हणजे ड्रोनचा वेग वजा वाऱ्याचा वेग. सेकंदाला ८ मीटर जाणारा ड्रोन ५ मीटरच्या वाऱ्याविरुद्ध जमिनीवर ३ मीटरच सरकतो. ३०० मीटर यायला १०० सेकंद लागतात, आणि तीही जास्त बॅटरी खाऊन.

पडद्यावरचा वेग आणि अंतर आता खरं नाही. खालची जमीन बघा: बांध, वाट, विहीर, एकेक खूण मागे जातेय का? दहा-पंधरा सेकंदांत खुणा सरकत नसतील तर वाऱ्याशी झगडू नका. जमिनीलगत वारा कमी असतो, अडथळे नसतील तर उंची कमी करून पुन्हा बघा. तरीही नाही जमलं तर आधी बघून ठेवलेल्या खालच्या जागेवर उतरवा. बॅटरी ३० टक्क्यांवर आली की हा निर्णय झालेला असला पाहिजे.

## टप्पा ८: उतरवणं

जीपीएसशिवाय उतरवताना ड्रोन घासत जाऊन उलटतो, हा इथला सगळ्यात सामान्य अपघात. तो टाळायला:

१. ड्रोनचं तोंड वाऱ्याकडे करा, शक्यतो तुम्हीही त्याच्या मागे उभे राहा. मग एकाच स्टिकने वाऱ्याशी तोल साधता येतो.

२. खाली येण्याचा वेग सेकंदाला एक मीटरच्या आत, शेवटच्या तीन मीटरला अर्धा मीटर. सरळ खाली धपकन आणू नका, पंख्यांच्याच खळबळीत ड्रोन डगमगतो. किंचित पुढे सरकत उतरवा.

३. एक मीटरवर आल्यावर बाजूची सरक थांबली की न घुटमळता टेकवा. जमिनीलगत रेंगाळलात तर वारा उलटवतो.

४. टेकल्याबरोबर थ्रॉटल पूर्ण खाली, मोटारी बंद होईपर्यंत धरून.

हाताने पकडायला जाऊ नका. जीपीएस असताना जमतं म्हणून हा प्रयत्न होतो, पण आता ड्रोन हाताशी आल्यावरही सरकतच असतो.

## उसाच्या फडावर फवारणी करताना

हे वेगळं लिहावं लागतं, कारण इथे वर सांगितलेलं ‘खाली आणा’ लागू होत नाही. दहा-बारा फूट उंच उसावर ड्रोन पानांपासून दोन-तीन मीटरवर उडतो. खालचा रडार पानांचे शेंडे मोजतो, पानं वाऱ्यावर हलतात आणि कॅमेऱ्याचे सेन्सर फसतात. तिथे आपोआप उतरू दिला तर तो फडाच्या मध्यात घुसतो, पंख्यांत पातं अडकतं आणि काढायला जाणाऱ्यालाही ते सुखाचं नसतं.

क्रम असा: पंप बंद. पाच मीटर वर. थांबवा. मग सरीच्या दिशेने जवळच्या बांधाकडे. सरी दोरीसारखी सरळ असते, पडद्यावर वेग दिसत नसताना तीच तुमची खूण. भरल्या टाकीचा ड्रोन २५ किलोच्या आसपास जातो आणि आतलं पाणी हिंदकळतं. थांबवायला उलटी स्टिक लवकर द्या, हळू द्या आणि लवकर मागे घ्या, नाहीतर तो उलट्या बाजूला झुलतो. भरल्या टाकीवर बॅटरी दहा-पंधरा मिनिटांचीच असते, म्हणून पट्टीच्या लांब टोकाला असताना प्रसंग आला तर सुरुवातीच्या जागेचा हट्ट सोडून जवळच्या बांधावर उतरवा.

बांधावर माणूस उभा असेलच असं धरून चाला. फडाच्या पलीकडे दुसऱ्याचं रान असतं आणि तिथे कोण काम करतंय ते इकडून दिसत नाही. पलीकडच्या टोकाला शिट्टी किंवा फोन घेऊन एक जण आधीच उभा करा.

## उतरल्यानंतर

बॅटरी काढण्याआधी वेळ, जागा, उंची, उपग्रहांचा शेवटचा आकडा लिहून ठेवा आणि उड्डाणाची नोंद उतरवून घ्या. त्याच जागेवरून तेवढ्यात पुन्हा उडवू नका.

इथे होणारी ठरलेली चूक म्हणजे रस्त्याच्या कडेला, गाडीशेजारी उभं राहून कंपास कॅलिब्रेट करणं. जीपीएस जाण्याशी त्याचा संबंध नाही, आणि गाडीच्या लोखंडाजवळ केलेल्या कॅलिब्रेशनने चांगला कंपास मात्र बिघडतो.

कारण शोधायचं असेल तर मोकळ्या जागी ड्रोन जमिनीवर ठेवा, पंखे काढा, नंतर लावलेली सगळी जोडणी उतरवा: चमकणारे दिवे, मोबाइल सिमचा ट्रॅकर, जादा कॅमेरा, केबल. पाच मिनिटं उपग्रहांचा आकडा लिहा. मग एकेक वस्तू चालू करून पुन्हा पाच मिनिटं. जिच्यामुळे आकडा पडतो ती दोषी. यूएसबी ३ ची केबल आणि स्वस्त व्हिडिओ ट्रान्समीटर यात वारंवार सापडतात, कारण जीपीएसची १५७५.४२ मेगाहर्ट्झची पट्टी त्यांच्या गोंगाटात सहज बुडते. जीपीएसच्या टोपीवर चिकटवलेला धातूचा चमकदार स्टिकरही काढून बघा. सगळं उतरवूनही आकडा कमीच राहिला तर अँटेना किंवा त्याची वायर तपासायला द्या.

ड्रोन कॅम्पच्या, विमानतळाच्या किंवा हवाई दलाच्या कुंपणाआड गेला तर भिंत चढू नका. फाटकावर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन कागदपत्रांसह सांगा. निपाणीकडे वारा ड्रोनला राज्याच्या हद्दीपलीकडे, महाराष्ट्रातल्या कागलच्या शिवारात नेऊ शकतो. ड्रोनचे नियम केंद्राचे असल्याने दोन्हीकडे तेच लागतात, पण ठाणं बदलतं, एवढं लक्षात ठेवा. अपघात झाला असेल तर ड्रोन नियम २०२१ प्रमाणे ४८ तासांच्या आत डिजिटल स्कायवरून डीजीसीएला (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला) कळवावं लागतं. विम्याच्या दाव्यालाही तीच नोंद आणि उतरवून घेतलेला लॉग लागतो, म्हणून ड्रोन दुरुस्तीला देण्याआधी दोन्हीची प्रत आपल्याकडे काढून ठेवा.